शेजूळ सरांची गेरूची रेघ

मागच्या आठवड्यात आमच्या कॅम्पात एक फॉर्म आला. नाव, गाव, रक्तगट, शिक्षण. शिक्षणापुढं छापील चौकोन होते, त्यातल्या एकात खूण करायची: दहावी, बारावी, पदवी, त्याच्या वर. मी ओमानमध्ये एका शीतगृहात फोर्कलिफ्ट चालवतो. शिक्षण सातवी पास. सातवीला चौकोनच नव्हता. म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याच्या लेखी माझ्यासारखा माणूस जगात नाहीच.

"दसवीं पे टिक मार दे," आमचा मुकादम म्हणाला, "कौन देखता है?"

शेजूळ सर बघतात. एवढ्या लांबूनही बघतात. मी पेन्सिल मागून घेतली, दहावीच्या अलीकडं हातानंच एक चौकोन काढला, त्यात खूण केली आणि शेजारी लिहिलं, सातवी. मुकादम हसला. मला मात्र दिवसभर राग येत राहिला. हा राग माझा नाही. तो मला वीस-बावीस वर्षांपूर्वी, हसनाबादपासून पायी पाऊण तासावरच्या आमच्या वस्तीच्या शाळेत लागला. गोवर लागावा तसा लागला आणि अजून उतरला नाही.

सर गणित शिकवायचे. उंच, हाडकुळे, डाव्या कानावर कायम पेन्सिल. पेन त्यांनी सहीपुरताच वापरला. म्हणायचे, "पेनानं लिव्हलेलं लोक खरं धरतेत. म्हणून खोटं लिव्हायचं आसलं की सगळे पेन काढतेत." हजेरी घ्यायचे ती शेवटच्या बाकापासून, कारण गैरहजर पोरं मागंच बसतात असं त्यांचं मत. आता गैरहजर पोरगं बसणार कसं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. पण ज्याचं मन शाळेतून उठलं तो आधी मागच्या बाकावर जातो आणि मग बाहेर, हे मला पुढं स्वतःवरून कळलं. शाब्बास हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. उत्तर बरोबर असलं की, "बराबर. पुढं." चूक असलं की खडू येऊन लागायचा. नेम चांगला होता.

आणि एक वाक्य. ते शाळेतल्या मोरीच्या उंदरालासुद्धा पाठ असेल. "तोंडी न्हाई. दाखव."

सर, गृहपाठ केला. "तोंडी न्हाई. दाखव." सर, ताप होता. "तोंडी न्हाई," आणि कपाळाला हात. सर, आजी वारली. तेव्हा ते लुना काढून खरंच आमच्या वर्गातल्या गण्याच्या घरी गेले होते. आजी ओट्यावर लसूण सोलत बसलेली. तिला त्यांनी वाकून नमस्कार केला, विचारपूस केली, चहा घेतला आणि परत येऊन गण्याला बडवला.

मी सातवीत असताना त्यांच्या पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं त्यांना एक कागद पाठवला. त्यावर दोन देशांची तुलना होती. आपला देश आणि दक्षिण कोरिया. दोन्हीकडं कॉलेज शिकलेले पुरुष पुढच्या पन्नास वर्षांत किती होतील, याच्या दोन रेघा. आता हा कागद खेड्यातल्या मास्तरानं बघावा आणि घडी करून ठेवून द्यावा. सरांनी तो शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर काढला. आख्खी भिंत घेतली. कोरियाची रेघ निळीनं काढली. आपल्या रेघेला रंग नव्हता म्हणून माझ्या बापाकडून मेंढरांच्या पाठीवर खुणा करायचा गेरू मागून नेला.

त्या वर्षी आमच्याकडं मोठ्या रस्त्याची मोजणी चालू होती. सकाळी भिंतीवर लाल रेघ दिसली आणि वस्तीत बोंब झाली. शाळेसमोरचे पंढरीनाथ आबा धोतर सावरत आले.

"सर, ही लाल रेघ कुठवर जायाली?"

"पन्नास वर्षं."

"तसं न्हाई, कुणाच्या रानातून जायाली? माझा गट नंबर येतो का? मावेजा, जमिनीचा पैसा, कधी भेटन?"

सरांनी त्यांना उन्हात उभं करून सगळं समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मावेजा न्हाई." मग निळीकडं बोट केलं. "अन् ह्यांला भेटला का?" सर इतके चिडले की आबा चप्पल तिथंच सोडून गेले. पुढं कितीतरी दिवस वस्तीतले लोक येता-जाता विचारायचे, सर, मोजणी कुठवर आली?

आम्हा पोरांना त्यांनी ती भिंत वर्गासारखी शिकवली. लाल रेघ वर, वर, वर जात होती. निळी थोडी चढून मग वाकत होती, खाली येत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. आपण जिंकलो होतो ना.

"कुणी वाजवल्या टाळ्या?" सर गरजले. "हात वर करा. इकडं या."

आम्ही सगळेच गेलो.

"त्यांची रेघ काहून वाकली? तिथं पोरंच कमी जन्मून राह्यलेत. जे हायत ते जवळजवळ सगळे शिकून राह्यलेत. आपली काहून चढली? पोरांचा ढीग हाय. ढिगातले मूठभर शिकले तरी रेघ चढती. बाकीचे कुठं गेले ते रेघ सांगत न्हाई. ह्या रेघंखाली," त्यांनी लाल रेघेखालच्या कोऱ्या भिंतीवर पालथा हात मारला, "ह्या रेघंखाली किती गाडलेत, हे कुणी काढून दाखवा मला. अन् मंग वाजवा टाळ्या."

माझी धाकटी बहीण मनकर्णा तेव्हा पाचवीत. ती म्हणाली, "सर, पोरींची रेघ कुठंय?"

"बस खाली! कागद पुरुषांचा हाय."

ती बसली. दुसऱ्या दिवशी दोन्ही रेघांच्या मध्ये पेन्सिलीनं एक बारीक, थरथरती रेघ होती आणि तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह. सरांनी ती पुसली नाही. आणि त्या दिवसापासून मनकर्णाचं नाव हजेरीत सगळ्यात आधी यायला लागलं.

भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, पार पायापाशी, त्यांची आणखी एक रेघ आधीपासूनच चालू होती. आमच्या पहिलीच्या वर्गात एकतीस पोरं होती. दरवर्षी जूनमध्ये सर तिथं उकिडवे बसून पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचे. सातवीपर्यंत ती रेघ पंचवीसवर आली होती. हिच्यासाठी कुणी कागद पाठवला नव्हता.

आठवीच्या दिवाळीनंतर मीही त्या कोपऱ्यात गाडला गेलो. घरची मेंढरं. माझा थोरला चुलता तोंडोळीला सासऱ्याकडं राहायला गेला आणि बापाला दुसरा माणूस पाहिजे होता. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन निघायचो, अंबडकडं, अंकुशनगरच्या उसाच्या पट्ट्यात. रात्रीला शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीखताच्या बदल्यात तो ज्वारी द्यायचा. त्या वर्षी मात्र माघापर्यंत आम्ही वस्तीजवळच होतो. मागच्या बाकावरून उठून मी माळावर गेलो, एवढाच काय तो बदल.

आठ दिवसांनी लुनाचा आवाज आला. सर रानात आले. बापाला म्हणाले, "सखारामभाऊ, एक हिशोब पाहिजे. पाच सालांनी तुमची मेंढरं किती होतील?"

माझा बाप सही करत नाही, अंगठा देतो. पण हा प्रश्न ऐकून तो खाली बसला, काडीनं मातीत रेघोट्या मारल्या आणि तंबाखू मळता मळता सगळं मांडलं. माद्या किती, त्यातल्या म्हाताऱ्या किती, वर्षाला कोकरं किती, रोगराईनं किती जातील, लांडगा किती नेईल. पाच वर्षांचा आकडा त्यानं सांगितला तेव्हा सर वहीत लिहून घेत होते. मी त्यांना कुणाच्या तोंडचं लिहून घेताना पहिल्यांदाच बघत होतो.

"ह्यात नर धरले का?" सरांनी विचारलं.

"नर कशाला धरायचे? नर सहा महिन्यांचा झाला की बाजारात. कळपाला दोन मेंढे पुरे झाले."

सरांनी पेन्सिल कानावर ठेवली. माझ्याकडं बोट केलं. "अन् हा?"

बाप उभा राहिला. हातात काठी होती. "सर, माझ्या पोराला बकऱ्यात धरता?"

"मी न्हाई धरला, भाऊ. तुमीच धरला."

मला वाटलं आता काठी पडते. बापानं काठी जमिनीवर आपटली आणि ओरडला, "तुमाला पगार हाय! माझी मेंढरं कोण वळन? तुमची लुना वळन का?"

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "न्हाई, तेबी बराबर हाय." आणि गेले. दुसऱ्याचं बराबर म्हणून माघारी जाताना मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं. बाप दिवसभर शिव्या देत होता. कुणाला देत होता ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं.

मग शाळाबाह्य मुलांची पाहणी आली. शाळेत न येणारी पोरं शोधून त्यांची नावं वर कळवायची, असा हुकूम. असल्या पाहणीची आमच्याकडं एक ठरलेली रीत होती. साहेब येणार ही खबर हसनाबादहून आधी निघायची, गावातून वस्तीवर, वस्तीवरून माळावर. मग आया पोरांना धरून आणायच्या, हौदावर घासायच्या, तेल लावायच्या आणि वर्गात नेऊन बसवायच्या. एका दिवसापुरती शाळा भरून जायची. कुणी कुणावर जबरदस्ती करायचं नाही. सगळ्यांना हे चांगलंच वाटायचं, साहेबाचा मान राहिला, शाळेचं नाव राहिलं. पाहुण्यापुढं चांगली चादर अंथरावी, तसं.

माझ्या आईनंही मला घासून नेऊन बसवला. अंगाला मेंढरांचा वास तसाच होता. शेजारचा पोरगा नाक धरून सरकला.

साहेब आले. हेडमास्तरांनी भरलेला कागद पुढं केला. शाळाबाह्य मुलं, निरंक. म्हणजे एकही नाही. साहेबांनी मान डोलावली, वर्गावर नजर फिरवली. "वा. हजर किती?"

वर्ग सरांचा होता. सर म्हणाले, "आज तीस."

"वा!"

"उद्या चोवीस."

हेडमास्तरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेब हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. "म्हणजे काय, शेजूळ?"

"साहेब, सहा पोरं तुमच्यासाठी आंघोळ करून आलेत. उद्या जातेन परत. त्यांची नावं ह्या कागदावर लिव्हलेली हायत." त्यांनी स्वतःचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. पेन्सिलीनं लिहिलेला. त्यात तिसरं नाव माझं होतं.

"सगळ्या केंद्राचं निरंक आलंय. तुमच्याच शाळेत सहा कसे?"

"बाकीच्या शाळांत बघायला कुणी गेलं नसन."

साहेबांनी आवाज खाली आणला. "वर एकच आकडा जायचा असतो. सहा पोरांनी काय फरक पडतो?"

तेव्हा सर जे ओरडले ते मला अजून पाठ आहे. "हाच आकडा वर जातो, अन् वरून आणखी वर जातो, अन् मंग त्याच्यावर कुणी शहाणा पन्नास वर्षांची रेघ काढतो! बाहेर या. भिंतीवर हाय ती रेघ. तिच्या बुडाशी तुमी आज निरंक घालून राह्यले!"

साहेब भिंत बघायला गेले नाहीत. जीपमध्ये बसले. त्यांनी जाताना आणखी काही केलं नाही. पण सरांचा कागद वर गेला नाही, निरंकचा गेला. जूनमध्ये सरांची बदली मंठ्याकडं झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि बदलीच्या आधी भिंतीला चुना मारला गेला. हेडमास्तर म्हणाले, दरवर्षीचाच चुना आहे. दरवर्षी चुना आतून मारायचे.

मला आज त्या साहेबाचा राग येतो, हेडमास्तरांचा येतो, बापाचा येतो. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी वर्गात बसून मला राग आला होता तो सरांचा. चारचौघांत माझं नाव वाचलं म्हणून. सगळे मला शाळेतला म्हणायला तयार होते, हा एकटा माणूस मला बाहेरचा म्हणत होता. हा एकटाच मला मोजत होता, हे कळायला मला बारा-तेरा वर्षं लागली.

तेही असं कळलं. मेंढरं कमी केली, माझं लग्न झालं, पोरगं झालं, जालन्यात हमाली केली, फोर्कलिफ्ट शिकलो. बाहेर जायचं ठरलं तेव्हा एजंट म्हणाला, दहावीचं खोटं मार्कशीट लावू, दहावी पास असलं की पासपोर्टावर सरकारी परवानगीची अट पडत नाही. आमच्या बाजूच्या गावातल्या दोघांनी लावलं. मला शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. सर तोवर रिटायर होऊन हसनाबादला येऊन राहिले होते. हेडमास्तराकडं जायच्या आधी मी त्यांच्याकडं गेलो. का गेलो ते माहीत नाही. मार्कशीटचं सांगून टाकलं.

"घे ना," सर म्हणाले. "बिलकुल घे." आत गेले आणि आठवीचं जुनं गणिताचं पुस्तक घेऊन आले. "आठवी, नववी, दहावी. तीन सालं. ह्यातलं एक सोडव अन् घेऊन टाक मार्कशीट. तोंडी न्हाई."

त्यांनी मला पाट दिला, पेन्सिल दिली. मी तासभर बसलो. जमलं नाही. एवढा मोठा बाप्या माणूस, मी त्यांच्या ओट्यावर रडलो. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. पुढं मी सुट्टीवर गेलो की दर खेपेला ते मला बसवून तेच पुस्तक पुढं सरकवायचे. दाखल्यासाठी मात्र ते स्वतः लुनावर शाळेत आले, जुनं रजिस्टर काढायला लावलं आणि त्यात खरी जन्मतारीख आणि 'सातवी उत्तीर्ण, आठवीत शाळा सोडली' हे त्यांच्याच अक्षरात सापडलं. पेनानं. मी जास्तीची कागदपत्रं केली, उशिरा निघालो, पण निघालो. ते दोघं मार्कशीटवाले पकडले जाऊन विमानतळावरून परत आले. मी इथं आठ वर्षं आहे, दर महिन्याला घरी पैसा जातो, तो त्या एका खऱ्या ओळीवर. हे ऋण मोठं आहे, आणि मी ते कसं फेडायला निघालो होतो ते आता सांगतो.

या खेपेला सुट्टीवर गेलो तेव्हा घरी ओंकार दिसला नाही. माझा पोरगा. सातवीत. बापानं पुन्हा पन्नासेक मेंढरं केली आहेत, त्याचे गुडघे गेलेत, आणि ओंकार दिवाळीपासून त्याच्याबरोबर माळावर जातो. बायको म्हणाली, "नाव हाय शाळेत. हजेरी लागती. सर लोक चांगले हायत." महिनाभर होतो, महिनाभर बोललो नाही. बापाच्या गुडघ्यांकडं बघायचो आणि गप्प बसायचो. मी पाठवलेल्या पैशातून गडी लावता आला असता, हे मला कळत होतं. बाप म्हणायचा, परका माणूस मेंढरू ओळखत नाही. मला तेही पटायचं. असा मी.

परत निघायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास हसनाबादच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीत खिडकीला बसलो होतो. खाली लुना थांबली. सर. आता पार वाळलेत, मान हलते, पण कानावर पेन्सिल होती. बगलेत ती वही, ज्यात आमच्या एकतीस जणांची रेघ भिंतीवरून उतरवून त्यांनी चालू ठेवलेली आहे, आणि आता आमच्या पोरांची.

"निघाला का सुदाम?"

"व्हय सर."

"पुस्तक घेतलं का?"

"बॅगंत हाय."

"ओंकार कितवीत?"

"सातवीत."

"जातो का शाळंत?"

खिडकीच्या गजाला माझे हात होते. त्यांनी वही उघडून लुनाच्या सीटवर ठेवली होती, पेन्सिल हातात. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "जातो की सर. रोज जातो."

ठिपका द्यायला त्यांची पेन्सिल कागदापर्यंत गेली. तिथं थांबली. मग त्यांनी वही मिटली.

"तोंडी न्हाई," ते म्हणाले. "आत्ता शाळा भरलेलीच हाय. बघून येतो."

"सर, ऊन हाय... कशाला आता..."

"ऊन तुला लागून राह्यलं का मला?"

दोन पायडल मारून त्यांनी लुना चालू केली. ड्रायव्हर चढला, घंटी वाजली. गाडी वळली तेव्हा वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर मला त्यांची पाठ दिसत होती, धुळीत, ताठ, एका बाजूला थोडी कललेली. रागावलेल्या माणसाची पाठ लांबूनही ओळखू येते.

लुना आहे. त्यांना शाळेत पोहोचायला पंधरा मिनिटं. मी फोन काढला. बायकोला एक हाक पुरे होती. माळ घराच्या मागंच आहे, ओंकारला पळवत आणून हौदावर तोंड धुवून वर्गात बसवायला दहा मिनिटं लागली नसती. आईनं मला बसवला होता तसा. बोटानं नंबर लागला. पहिली घंटी गेली.

मी फोन कापला, बंद केला आणि बॅगेत टाकला.